उसाच्या फडातली नेहा

बेलूर, रविवार रात्र. (होयसळांच्या मंदिराचं नव्हे, धारवाडजवळचं, कारखान्यांचं.)

विशाल फुरियांचा २०१७चा मराठी भयपट ‘लपाछपी’ पुन्हा पाहिला. पूजा सावंतची नेहा गरोदर, चहूकडे ऊस, बाहेरची वाट सापडेना. रामसे बंधूंच्या भयपटांतल्या बायका बहुधा किंचाळण्यापुरत्याच असायच्या. नेहाही किंचाळते, पण दिसतंय ते नीट बघते, प्रश्न विचारते. मग उलगडतं, की खरी दहशत भुतांची नाहीच. मुली नकोशा असलेल्या जित्याजागत्या माणसांची आहे. तिथून तिच्या भीतीचा संताप होतो आणि ती उलटून उभी राहते. उषा नाईक मात्र काय जबरदस्त! त्यांच्या मायेच्या बोलण्यानंच मला जास्त कापरं भरलं.

२०२१मध्ये फुरियांनीच हाच चित्रपट हिंदीत ‘छोरी’ नावानं केला. चांगला आहे, पण मला मराठीच भावतो.