गोंडवनांतील राजनगरी

दंडकारण्य हें नांव आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असतें. रामकथा ऐकतां ऐकतां त्या अरण्याचें एक चित्र मनांत उमटतें: निबिड झाडी, ऋषींचे आश्रम आणि रात्रीं हिंडणारे राक्षस. त्या चित्रांत नगर नसतें, तळें नसतें. राज्यकारभार तर नसतोच. परंतु महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, वर्धा व वैनगंगा ह्या नद्यांच्या परिसरांत, अशाच रानाच्या कुशींत गोंडराजांचें राज्य कांहीं शतकें नांदलें. त्यांची राजधानी चांदा, म्हणजे आजचें चंद्रपूर. तिची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

नागपुराहून आगगाडीनें वर्ध्यावरून दक्षिणेस वळलें, म्हणजे वरोरा, भांदक हीं स्थानकें मागें टाकून चांदा येतें. आसपास कोळशाच्या खाणी व विजेच्या कारखान्याचीं धुराडीं दिसतात, आणि हें केवळ उद्योगाचें शहर असावें, असें प्रवाशास वाटतें. जटपुरा दरवाज्यापाशीं येतांच ही समजूत पालटते. दरवाज्यावर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. हें गोंडराजांचें राजचिन्ह होय. जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर व पठाणपुरा असे चार दरवाजे आणि पांच खिडक्या ह्या तटास आहेत. तटाचा बराच भाग अद्यापि उभा आहे.

नगराच्या स्थापनेची कथा मोठी गोड आहे. खांडक्या बल्लाळशाह हा राजा त्वचेच्या दुर्धर विकारानें पीडिला होता. शिकारीच्या निमित्तानें हिंडत असतां झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत त्यास एका खळग्यांत पाणी आढळलें. त्या पाण्यानें व्याधि नाहींशी झाली, आणि त्या जागीं अंचलेश्वराचें देऊळ उभें राहिलें. पुढें त्याच रानांत एक ससा आपल्या शिकारी कुत्र्याच्या पाठीस लागलेला राजानें पाहिला. जेथें ससा कुत्र्यास पळवितो, ती भूमि सामान्य नव्हे, असें जाणून राणीनें त्या धांवेच्या रेषेवरच तट घालण्याचा सल्ला दिला. अशीच कथा विजयनगराविषयींही सांगतात. चांद्याच्या कथेंत मात्र शहाणपणाचा मान राणीकडे जातो.

ह्या राज्यांत राणीचा मान केवळ कथेपुरता नव्हता. बीरशाह राजा मारला गेल्यावर राणी हिराईनें रामशाहास दत्तक घेतलें, आणि तो लहान असतां अठराव्या शतकाच्या आरंभीं राज्य स्वतः सांभाळिलें. महाकालीच्या देवळाची उभारणी तिच्याच नांवें सांगतात. चैत्रांत तेथें मोठी यात्रा भरते व मराठवाड्यांतून हजारों भाविक येतात. अंचलेश्वराजवळ राजांच्या समाधि आहेत. त्यांत सर्वांत भव्य ती बीरशाहाची, आणि ती हिराईनेंच बांधविली. पतीनें पत्नीसाठीं बांधलेली वास्तु पाहण्यास सारें जग आग्र्यास जातें. पत्नीनें पतीसाठीं बांधलेली ही वास्तु पाहण्यास फार थोडे येतात.

राजे केवळ दगड रचीत बसले नाहींत. जो रान तोडून जमीन लागवडीस आणील त्यास ती द्यावी, आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याखालीं भिजणारी जमीन द्यावी, असा हीरशाह राजाचा नियम होता, अशी परंपरा आहे. पूर्व विदर्भांतील भातशेती आजही हजारों जुन्या तलावांवर पोसली जाते. नागपूर शहर वसविलें तेंही देवगडच्या बख्त बुलंद शाह ह्या गोंडराजानेंच, हें तेथें राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांसही ठाऊक नसतें.

चांद्याच्या ह्या राज्याचा शेवट मराठ्यांच्याच हातून झाला. १७५१ सालीं रघूजी भोसल्यांनीं तें नागपूरच्या राज्यास जोडलें. विजेत्यांचा इतिहास आपण पाठ केला. जितांचा इतिहास परधान जातीच्या गायकांनीं किंगरीच्या साथीनें गाऊन जपला. गोंडी ही तेलुगु-कानडीच्या कुळांतील भाषा. २०११ च्या जनगणनेंत ती बोलणारे सुमारें २९ लक्ष लोक नोंदले गेले, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत तिला स्थान मिळालेलें नाहीं. ह्या समाजाचीं कुळें देवांच्या संख्येवरून ओळखतात: चारदेवे, पांचदेवे, सहादेवे, सातदेवे. एकाच देवसंख्येच्या कुळांत सोयरीक होत नाहीं. सगोत्र विवाह वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांस ही रीत समजण्यास कठीण पडूं नये. ज्यांस आपण बेधडक 'जंगली' म्हणतों, त्यांच्या घरांत नात्यागोत्याची अशी काटेकोर व्यवस्था आहे.

राज्य गेलें तरी स्वाभिमान गेला नाहीं. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव सेडमाके ह्यांनीं इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं त्यांस चांद्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आली. पुढें रानावर सरकारी खात्याची सत्ता बसली, आणि रानाचे धनी रानांतच परके झाले. २००६ च्या वनहक्क कायद्यानें हा अन्याय कायद्याच्या भाषेंत मान्य केला. त्या कायद्यान्वयें २००९ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा ह्या लहानशा गोंड गांवास सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हातीं आले. जेथें एकेकाळीं राजाज्ञेनें तलाव होत, तेथें आतां गांव एकत्र बसून आपल्या रानाचा विचार करतें.

हल्लीं वाघ पाहण्यास पुष्कळ कुटुंबें मुलांबाळांसह ताडोबास जातात. १९५५ पासून तें राष्ट्रीय उद्यान आहे. परंतु ताडोबा हें मूळ नांव एका देवाचें आहे, हें मुलांस कोण सांगतो? वाघाशीं झुंजतां मेलेला तारू नांवाचा गांवप्रमुख लोकांनीं देव मानिला, आणि तळ्याकांठीं त्याचें स्थान आहे. वाघांसाठीं ह्या रानांतील कांहीं गांवें उठविण्यांत आलीं आहेत, म्हणून देवाचें हें नांव अधिकच जपलें पाहिजे. आमची वडीलधाऱ्यांस एवढीच विनंति कीं, ताडोबास जाल तेव्हां एक दिवस चांद्यासाठीं राखून ठेवा. मुलांस सिंहाचें तें राजचिन्ह दाखवा, हिराईनें बांधविलेल्या समाधीपाशीं घटकाभर बसवा, आणि ह्या रानांत राजे होते, राण्या होत्या व त्यांची प्रजा अजून तेथेंच आहे, हें त्यांस सांगा.