बोटीवरची बाटली

कायदा मोडावा असे मला आजवर फारसे कधी वाटलेले नाही. गेली एकवीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे, आणि मराठीच्या प्राध्यापकाच्या वाट्याला मोडण्यासारखे कायदे येतात तरी किती? फार तर ऱ्हस्व-दीर्घाचे. पण तेही विद्यार्थीच मोडतात, आम्ही नुसते तांबड्या शाईने खुणा करतो. अशा माणसाने गेल्या हिवाळ्यात समुद्रमार्गे चोरटा माल नेला, हे माझ्या परिचितांना सांगून खरे वाटणार नाही. म्हणून आधी कबुलीजबाब देऊन टाकतो. मी बोटीवर जिनची एक बाटली चोरून नेली.

त्याचे असे झाले. आमचे अण्णा मूळचे वेंगुर्ल्याचे. त्यांच्या तरुणपणी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून गोव्याची बोट निघे, ती कोकणातली बंदरे घेत घेत पणजीला जाई. वेंगुर्ल्याला बोट बाहेर उभी राही आणि माणसे, ट्रंका, फणस असे सगळे पडावात उतरत असे. ती बोट केव्हाच बंद पडली. आई गेल्यानंतर अण्णा फारसे कुठे जात नाहीत, पण एकदा सहज म्हणाले, “पुन्हा एकदा बोटीने गोव्याला जायला हवं होतं.” एक्याऐंशी वर्षांच्या माणसाची इच्छा ती. म्हणून अण्णा, मी, सौभाग्यवती आणि एकोणीस वर्षांचे चिरंजीव अशा चौघांचे मी मुंबई-गोवा-मुंबई क्रूझचे आरक्षण केले.

तिकिटाबरोबर नियमांची एक लांबलचक यादी आली. प्राध्यापक ती वाचतो; इतर माणसे वाचत नाहीत. त्यात एक कलम होते : बाहेरची दारू बोटीवर आणता येणार नाही, सापडल्यास ताब्यात घेण्यात येईल. अधिक चौकशी करता असे कळले की काही परदेशी कंपन्या थोड्या उदार असतात. चढताना माणशी साडेसातशे मिलिलिटरची एक वाइनची बाटली त्या नेऊ देतात. पण तीच बाटली भोजनगृहात उघडायची म्हटले की बूच काढण्याचे पैसे लावतात. वाटेतल्या बंदरावर, किंवा खुद्द बोटीवरच्या दुकानात, दारू विकत घेतली तरी ती प्रवास संपेपर्यंत बोटीच्याच कोठारात राहते. कारण उघड आहे. तिकिटात खोली मिळते, जेवण मिळते. कंपनीचा खरा नफा पेल्यात असतो. झोकांड्या खाणारा उतारू कठड्यावरून समुद्रात जाऊ नये, हेही एक कारण आहे आणि ते खोटे नाही. पण कंपनीचाच पेला पिऊन कठड्याशी उभे राहायला कुणाची मनाई नाही!

मी काही पिणारा गृहस्थ नव्हे. वर्षातून सात-आठ वेळा, सहकाऱ्यांच्या घरी, तेही घरी कळू न देता. पण डेकवर चांदणे पडले आहे, हातात पेला आहे आणि वाऱ्यावर आपले उरलेसुरले केस उडताहेत, असे एक चित्र माझ्या डोळ्यांपुढे येऊन बसले ते हलेना. बोटीवरच्या दरपत्रकात एका पेल्याची किंमत पाहिली, तेवढ्यात आमच्याकडे आठवड्याची भाजी येते. शिवाय घरच्या माणसांसमोर बिल मागवायचे म्हणजे सगळेच उघड! रसायनशास्त्राचे आमचे एक सहकारी आहेत. त्यांनी तोडगा सुचवला : माउथवॉशची मोठी बाटली रिकामी करायची, तीत जिन भरायची आणि खाण्याच्या हिरव्या रंगाचे दोन थेंब टाकायचे. मी थक्क झालो. ‘हे मुख नव्हे, हा चंद्रच आहे’ हे अपन्हुती अलंकाराचे उदाहरण मी दरवर्षी वर्गात देतो. ‘ही जिन नव्हे, हे चूळ भरायचे औषधच आहे’ हे त्याहून सरस नाही काय? साहित्यशास्त्राचा प्रत्यक्ष व्यवहारात असा उपयोग मला प्रथमच होत होता.

मनाला टोचणी लागली तेव्हा मी इतिहासाकडे वळलो. आमच्या पेशात हा उपाय फार चालतो. ब्रिटिश आरमारातले खलाशी रोजची रम पुरवून, साठवून ठेवत आणि मग एकदम झिंगत. म्हणून १७४० साली ॲडमिरल व्हर्नन याने त्यांच्या रममध्ये चौपट पाणी घालण्याचा हुकूम काढला. या महाशयांच्या अंगात ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा असे. त्यावरून खलाशांनी त्या पाणचट पेयाला ‘ग्रॉग’ हे नाव देऊन सूड उगवला. त्या आरमारातली रोजची रम ३१ जुलै १९७० रोजी कायमची बंद झाली. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती, तेव्हा लोक परदेशी बोटींत बसून किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापलीकडे जात, पीत आणि परत येत. बोट कुठेच जात नसे. आणि आपल्याकडे? १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात अजून पुस्तकात आहे. कायद्याने प्यायचे तर आजही परवाना लागतो. तो एका दिवसाचा मिळतो, एका वर्षाचा मिळतो आणि आजन्मही मिळतो. यांपैकी एकही माझ्यापाशी नव्हता. तेव्हा चोरी करायचीच, तर परंपरा मोठी आहे, असे समाधान मी करून घेतले.

“तीन दिवसांसाठी एवढी मोठी बाटली कशाला?” बॅग भरताना सौभाग्यवतीने विचारले.

“खाऱ्या हवेने तोंड येतं,” मी म्हणालो. ती काही बोलली नाही. तिने बाटली टॉवेलात नीट गुंडाळली.

बॅलार्ड पिअरला सामानाच्या तपासणीची रांग होती. माझी बॅग यंत्रातून जाताना माझ्या छातीत जे धडधडत होते ते यंत्राला कसे दिसले नाही, कोण जाणे! बॅग सुखरूप बाहेर आली. पण मागून अण्णांचा आवाज ऐकू आला.

“बाई, माझ्या पिशवीत फेणीची बाटली आहे. यंत्र कशाला तपासत बसता? ही घ्या.”

मी गर्रकन वळलो. अण्णांनी पिशवीतून चपटी बाटली काढून त्या मुलीसमोर धरली होती. आमच्या घरात दारूची बाटली! मला भोवळच यायची.

“गुडघ्यांना चोळतो,” अण्णा तिला सांगत होते. “माझ्या मंडळींनी लावलेली सवय. नियमात बसत नसेल तर ठेवून घ्या.”

“नाही बसत, आजोबा,” ती मुलगी हसून म्हणाली. “पण उतरताना परत देऊ.” तिने बाटलीला चिठ्ठी बांधली, पावती फाडली आणि अण्णांनी ती घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली. मला त्या वेळी अण्णांची कीव आली, हेही कबूल करतो. इतके सरळ असून कसे चालेल?

संध्याकाळी बोट सुटली. रात्री चांदणेही पडले. पण आता एक अडचण पुढे आली. चौघांना मिळून एक खोली. बाटली माझी असली तरी ती प्यायची कुठे? माउथवॉशची बाटली काखोटीला मारून डेकवर फिरणारा माणूस कुणाच्याही नजरेत भरेल. शेवटी सगळे झोपल्यावर मी न्हाणीघरात शिरलो आणि बेसिनपाशी उभा राहून दोन घोट घेतले. पेपरमिंटचा असा उग्र वास की डोळ्यांत पाणी आले. ज्या चंद्रासाठी हा सारा खटाटोप, तो बाहेर समुद्रावर. आणि मी आत, ओल्या पायपुसण्यावर! तेवढ्यात चिरंजीवांनी दार ठोठावले, “बाबा, किती वेळ?” मी बाटली कपाटात ठेवली आणि खाकरत बाहेर आलो.

पहाटे पाचला अण्णा उठले. त्यांची सवयच ती. न्हाणीघराचे दार बंद झाले, नळ वाजला, आणि मग गुळण्यांचा आवाज येऊ लागला. मी अंथरुणात ताठ झालो. अपन्हुतीच्या पुढचा धडा भ्रांतिमान अलंकाराचा : एका वस्तूच्या जागी दुसरीच आहे असा भ्रम व्हावा आणि माणसाच्या हातून तशी कृती घडावी. गुळण्या थांबल्या. बेसिनमध्ये काही पडल्याचा आवाज मात्र आला नाही. बराच वेळ आला नाही.

अण्णा बाहेर आले. “जागा आहेस ना? चल, वर जाऊ.”

डेकवर माणूस नव्हते. डाव्या हाताला किनाऱ्याची पुसट रेघ दिसत होती. अण्णा कठड्याला धरून उभे राहिले.

“पुढच्या वेळी बाटली नीट विसळून घे,” ते म्हणाले. “वास राहिलाय.”

मी काय बोलणार? खाली पाण्याकडे पाहत राहिलो.

“मी चोवीस वर्षांचा होतो,” अण्णा सांगू लागले. “अडुसष्ट साल. गोव्याहून बोटीने येताना वळकटीत फेणीच्या दोन बाटल्या लपवल्या होत्या. इकडे बंदी होती आणि हपिसातल्या साहेबाला खूश करायचं होतं. भाऊच्या धक्क्यावर शिपायाने वळकटीला काठी टोचली आणि ‘जा’ म्हणाला. वाटलं, सुटलो. खोलीवर आलो तर गावाहून वडील आलेले. पोरगा दमून आला म्हणून त्यांनी स्वतः माझी वळकटी सोडली. बाटल्या गडगडत भिंतीशी गेल्या. त्यांनी त्या उचलून कोनाड्यात ठेवल्या, अंथरूण घातलं आणि दिवा मालवला. एक शब्द बोलले नाहीत. तेव्हाही नाही, पुढेही नाही. आणि मीही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं रे!”

थोड्या वेळाने ते म्हणाले, “तुझं आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. रात्री उशिरा येताना तू बडीशेप चघळत यायचास. आपल्या घरात बडीशेप कोण खातं? मी विचारणार होतो. तुझी आई म्हणाली, विचारायचं नाही. विचारलं की तो खोटं बोलेल, आणि मग तेच त्याला जन्मभर सांभाळावं लागेल. आपणहून सांगेल कधीतरी.”

“मग?”

“मग काय? ती वाट बघत राहिली. मी नव्हतो बघत. तू माझ्यावर गेलायस हे मला माहीत होतं.”

आईच्या शेवटच्या आजारात रात्री तिच्या उशाशी मी बसत असे. एकदा मध्यरात्री ती जागी झाली आणि म्हणाली, “तुला काही सांगायचंय का रे?” औषधाच्या गुंगीत बोलते आहे असे समजून मी तिला उत्तरपत्रिकांचे सांगत बसलो; यंदा किती गठ्ठे आले, किती राहिले. तिने ते सगळे नीट ऐकून घेतले. तो प्रश्न कशाबद्दल होता, हे मला त्या पहाटे डेकवर, दोन वर्षांनी कळले. आपला मुलगा पितो याचे तिला दुःख होते की नव्हते, मी सांगू शकत नाही. पण आपल्याला तो काही सांगत नाही, याचे होते.

सूर्य वर आला. मी खाली गेलो, कपाटातली बाटली घेतली आणि स्वागतकक्षात जाऊन टेबलावर ठेवली.

“ही जिन आहे,” मी म्हणालो. “मी चोरून आणली होती.”

तिथल्या तरुणाने बाटलीवरचे नाव वाचले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा नाव वाचले. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि तो आणखीनच गोंधळात पडला. वरिष्ठांना बोलावणे गेले. ते भले गृहस्थ होते. ते म्हणाले, “आपणहून आणून दिली आहे, ठेवून घ्या.” मागे उभे असलेले चिरंजीव विचारत होते, “बाबा, हे काय आहे?” मी त्याला सगळे सांगितले. बडीशेपेसकट सांगितले. त्या रात्री डेकवर आम्ही चौघांनी कंपनीच्या दराने लिंबाचे सरबत घेतले. सौभाग्यवती एवढेच म्हणाली, “टॉवेलात गुंडाळताना झाकण हिसळत होतं. मी घट्ट केलं होतं म्हणून बरं!”

तिसऱ्या दिवशी मुंबईत उतरताना एका लांब टेबलावर ताब्यात घेतलेल्या बाटल्या चिठ्ठ्या बांधून मांडून ठेवल्या होत्या. अण्णांनी चष्म्याच्या घरातून पावती काढली. त्यांच्या बाटलीवर लिहिले होते, ‘फेणी’. शेजारच्या हिरव्या बाटलीवर लिहिले होते, ‘माउथवॉश (जिन)’. जे आहे ते तसेच सांगणे याला आम्ही स्वभावोक्ती म्हणतो. परीक्षेत या अलंकाराला विद्यार्थी घाबरतात. त्यात काही लपलेले नसते, म्हणून त्यांना तो ओळखू येत नाही.

टॅक्सीत अण्णा पुढे बसले. निम्मा रस्ता झाल्यावर चिरंजीव हळूच माझ्याकडे सरकून म्हणाले, “बाबा, मलाही एक सांगायचंय.”

मी रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून काच वर केली. त्याने काय सांगितले ते मात्र इथे लिहीत नाही. ते त्याने मला सांगितले आहे, दिवाळी अंकाला नव्हे.