होम्स, भुतं आणि काका

आवडत्या लेखकाने दगा दिला की जे होतं ना, त्याला ब्रेक-अपच म्हणायचं. माझं झालं सर आर्थर कॉनन डॉइलबरोबर.

प्रेम तसं जुनं. यवतमाळला काकांच्या घरी मे महिन्याची सुट्टी, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कूलरची घरघर आणि हातात भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स. पुस्तकं काकांची. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. 'काय वाचून राह्यला रे?' म्हणत शेजारी बसायचे, शेवटचं पान हाताने झाकायचे आणि विचारायचे, 'सांग, गुन्हेगार कोण?' चुकलो की ठरलेला प्रश्न, 'नीट पाह्यलं का नुसता अंदाज?' आज पुण्यात आयटीत कोडमधला बग शोधताना तोच प्रश्न कामी येतो.

मागच्या वर्षी डॉइलची होम्सबाहेरची पुस्तकं मागवली. त्याचा दुसरा हीरो प्रोफेसर चॅलेंजर. दाढीवाला, रागीट, कुणाचं न ऐकणारा शास्त्रज्ञ. १९१२ चं 'द लॉस्ट वर्ल्ड' एका वीकेंडला फस्त. डायनोसॉर, धमाल! मग याच मालिकेतलं १९२६ चं 'द लँड ऑफ मिस्ट' उघडलं आणि तोंडाची चवच गेली. अंधारी खोली, मीडियम, मेलेल्यांचे निरोप. गोष्ट कमी, प्रचार जास्त. शेवटी चॅलेंजरसारखा चॅलेंजर आत्म्यांपुढे मान तुकवतो!

चिडून खोदायला लागलो, तर आणखीच काय काय निघालं. याच माणसाने १९२२ मध्ये पऱ्यांवर पुस्तक लिहिलं होतं. इंग्लंडातल्या कॉटिंग्ली गावात दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटो त्याला खरे वाटले. चित्रं कापून टाचण्यांनी उभी केली होती, हे त्या दोघींनी १९८३ मध्ये, म्हातारपणी कबूल केलं. होम्सच्या बापाला पोरींनी गंडवलं!

'मुलगा गेला म्हणून डॉइलचं डोकं फिरलं,' असं सर्रास म्हणतात. तारखा मात्र वेगळं सांगतात. त्याने आपला विश्वास जाहीर केला १९१६ मध्ये. मुलगा किंग्जली गेला ऑक्टोबर १९१८ मध्ये. आधी युद्धात जखमी, मग फ्लूची साथ. चार महिन्यांत भाऊही गेला. म्हणजे विश्वास आधीचा होता, दुःखाने तो घट्ट झाला असावा.

साथीत गेलेला मुलगा. इथे मी अडकलो.

काकांचा मुलगा, माझा दादा, एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेला. चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही. त्यानंतर काका दर अमावास्येला एका खेड्यातल्या बाबाकडे जायला लागले. का, तर दादाशी बोलायला. मी फोनवर कडाकडा भांडलो. 'विज्ञान शिकवलंत ना तुम्ही?' असंही बोलून गेलो. मग कामाचं निमित्त करून फोनच कमी केले.

त्यात हाती लागली डॉइलची १९२४ ची 'ससेक्स व्हॅम्पायर'ची कथा. (शंभर वर्षं झाली, त्यामुळे शेवट सांगायला हरकत नाही.) बाळाच्या मानेला तोंड लावून आई रक्त पिते, असा सगळ्यांचा संशय. होम्स भूतबित मानत नाही. तो बघतो आणि कळतं, सावत्र भावाने बाळाला विष टोचलंय आणि आई ते चोखून बाहेर काढतेय! डॉइल तेव्हा आत्म्यांवर जगभर व्याख्यानं देत होता, तरी होम्सला त्याने त्यात ओढलं नाही. चॅलेंजरचा बळी दिला, होम्स आपल्यासाठी ठेवला. माझा राग तिथेच निम्मा उतरला.

उरलेला निम्मा काकांवरचा. त्यांच्याबाबतीत मी नीट पाहिलं होतं का? का नुसता अंदाज?

शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच कूलरसमोर, पहिल्यांदाच न भांडता विचारलं, 'काका, तिथं काय होतं?'

ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, 'तो खोटं बोलते, हे मले कळत नाही का? दादा कधी "बाबा" म्हणे का मला? "अप्पा" म्हणायचा. पण तिथं त्याचं नाव तरी निघते रे. या घरात कोणी काढते का? तू तरी काढलं?'

नव्हतं काढलं. काकू रडतील म्हणून, काकांना त्रास होईल म्हणून, आम्ही सगळ्यांनी दादाला घरातून पुसून टाकलं होतं.

त्या रात्री एक वाजेपर्यंत दादाबद्दलच बोलत बसलो. त्याची खटारा लुना, शेवटचं पान आधी वाचायची त्याची खोड. काकू रडल्या आणि मधेच खूप हसल्याही.

बाबाचे पैसे लुबाडणं मला आजही पटत नाही. काकांना तसं सांगितलंही. 'पाहू,' म्हणाले. पुढच्या अमावास्येला गेले की नाही, विचारलं नाही. पण आता दर रविवारी फोन करतो आणि दादाचा विषय मीच काढतो.

'द लँड ऑफ मिस्ट' रद्दीत जाणार होतं. सध्या होम्सच्या शेजारी आहे. पुस्तक अजूनही बोअरच आहे हं!