गाडी सुरू होईना

आमच्याकडे दिवे लागायच्या आत जेवणं आटपतात, त्यामुळे रात्र लांबच लांब. नात बेंगळूरहून आली की तिच्या लॅपटॉपवर आम्ही जुने इंग्रजी सिनेमे बघतो. यंदा तिनं 'डबल इन्डेम्निटी' लावला. १९४४चा, बिली वाइल्डरचा. मूळ कादंबरी जेम्स एम. केनची, पटकथेला वाइल्डरच्या जोडीला रेमंड चँडलर, म्हणजे तोही रहस्यकथाच लिहिणारा.

"आज्जी, खुनाचा आहे. चालेल न्हवं?"

म्हटलं, लाव की.

सुरुवातीलाच विमा एजंट सांगून टाकतो, खून मी केला. मग बघायचं काय? तर माणूस तिथवर गेला कसा, ते. फिलिसला नवऱ्याचा अपघात विमा त्याला न कळता काढायचा आहे. रेल्वेतल्या अपघाताला रक्कम दुप्पट! नवरा बिचारा गाडीच्या विम्याचा कागद समजून सही करून मोकळा.

खून डोळ्यांना दिसत नाही. गाडीत मागं लपलेला एजंट उठतो आणि कॅमेरा राहतो गाडी चालवणाऱ्या बार्बरा स्टॅनविकच्या तोंडावर. ती समोर रस्त्याकडे बघत असते, एवढंच. रक्ताचा थेंब नाही. बरं झालं, वाटलं मला.

पुढं प्रेत रुळांवर टाकून दोघं परत गाडीत बसतात, तर गाडी सुरूच होईना. ती सुरू करायला बघते, इंजिन नुसतं कुरकुरतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, हो की गं सुरू!"

नात खो खो हसली. मला मात्र हसू येईना. कृत, कारित, अनुमोदित. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि केलेल्याला मनातून होकार देणं. पाप तिन्हीत आहे, हे पाठशाळेत घोकलेलं. त्यानं केलं, तिनं करवलं. तिसरी बेळगावात पलंगावर बसलेली मी!

सिनेमा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या सहीनं झोप उडवली. सासरे गेल्यावर आमच्याच सोप्यात आक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, अशीच सही केली होती. वारसाची नुसती नोंद आहे असं त्यांना सांगितलेलं. तो हक्क सोडल्याचा कागद आहे हे मला ठाऊक होतं. मी काही सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मी चहा आणला, पेन चालेना म्हणून आतून दुसरं पेन आणून दिलं. अन् सही होईपर्यंत आक्का कागद वाचायला घेतात की काय, म्हणून जीव धडधडत होता.

नातीला हे सांगितलं नाही. सकाळी आक्कांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काय गं, इतक्या सकाळी? सगळं बरं हाय न्हवं?"

मी म्हटलं, "बरं हाय आक्का. चार दिवस राहायला या. बोलायचं हाय."