दुधाच्या पैशांची वर्गणी

वरवंडच्या आमच्या घराचा माळा आवरीत असता पणजीच्या पेटीत ‘मनोरंजना’चे काही जुने अंक हाती लागले. कसरीने कडा खाल्ल्या होत्या. पण प्रत्येकावर पेन्सिलीने तिचे नाव होते.

का. र. मित्र यांजविषयी वर्गात आम्ही आजवर दोनच वाक्ये सांगत आलो : त्यांनी १८९५ साली मुंबईत मासिक काढिले आणि १९०९ साली मराठीतील पहिला दिवाळी अंक. परीक्षेस तेवढे पुरते. वास्तविक हे गृहस्थ मूळचे आजगावकर. बंगालीच्या प्रेमापोटी त्यांनी ‘मित्र’ हे आडनाव घेतले. वि. सी. गुर्जरांची एका बैठकीत संपणारी ‘संपूर्ण गोष्ट’ त्यांनीच घरोघर पोहोचविली. नाव गुर्जरांचे झाले, आणि ते रास्तच. पण ती मागविणारा, तपासणारा, छापखान्याचे बिल भागविणारा कोणाच्या ध्यानात राहतो?

आमच्या या अनास्थेस एक कारण होते. तरुणपणी आम्हीही एक त्रैमासिक काढिले होते. तीन अंकांत लेखक रुसले, वर्गण्या थकल्या. चौथ्यासाठी कागद उधार आणण्याचे धैर्य झाले नाही. दोष सारा वाचकांच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो. मित्र मात्र १९२० साली वारले तोवर पंचवीस वर्षे हेच ओझे वाहत होते.

एका मलपृष्ठावर पणजीचा हिशेब आहे : ‘वर्गणी, दुधाच्या पैशांतून.’

अंक सध्या ओसरीवर उन्हात पसरले आहेत.