मरे घराण्याची वंशावळ : एक बशी आणि एक नाट्यगृह

हरिभाऊ आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा विचार करताना वॉल्टर स्कॉटचे नाव टाळता येत नाही, आणि स्कॉटकडे वळले की त्याचा जावई लॉकहार्ट याने १८३७-३८ मध्ये प्रसिद्ध केलेले चरित्र बाजूला ठेवता येत नाही. त्या चरित्रातील एक आख्यायिका गेली काही वर्षे माझी पाठ सोडत नाही. स्कॉटचे वडील एडिंबरोत वकिली करीत. रोज सायंकाळी झाकलेल्या पालखीसारख्या खुर्चीतून एक अनोळखी गृहस्थ त्यांच्याकडे येई आणि रात्री उशिरापर्यंत बंद दाराआड बसे. एके दिवशी कुतूहल अनावर होऊन स्कॉटची आई चहा घेऊन आत गेली. गृहस्थाने कप घेतला, वकीलसाहेबांनी घेतला नाही. पाहुणा जाताच त्यांनी खिडकी उघडून तो कप बाहेर फेकला. कामानिमित्त अशा माणसाशी संबंध ठेवणे भाग असले, तरी त्याचे ओठ लागलेल्या भांड्याला आपल्या घरातल्या कुणाचे ओठ लागता कामा नयेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पाहुण्याचे नाव होते ब्रॉटनचा जॉन मरे. कपाविना उरलेली बशी पुढे तरुण स्कॉटने आपल्या खोलीत राजपुत्र चार्ल्सच्या चित्राखाली टांगून ठेवली.

मरे हा १७४५ च्या जॅकोबाइट उठावात राजपुत्र चार्ल्स एडवर्डचा चिटणीस. कलोडनच्या पराभवानंतर जून १७४६ मध्ये तो पकडला गेला आणि माफीचा साक्षीदार झाला. मार्च १७४७ मध्ये लॉर्ड लोव्हॅटविरुद्ध झालेल्या खटल्यात त्याची साक्ष महत्त्वाची ठरली आणि एप्रिलमध्ये लोव्हॅटचा शिरच्छेद झाला. मरेला १७४८ मध्ये क्षमा मिळाली, सालीना २०० पौंडांची नेमणूकही मिळाली. सूर्याजी पिसाळाविषयी इतिहासकार काय म्हणायचे ते म्हणोत, मराठी भाषेने त्याचे सामान्यनाम करून टाकले आहे. स्कॉटलंडात मरेच्या नावाचे जवळजवळ तेच झाले; त्याच्या आडनावामागे ‘साक्ष’ हा शब्द लोकांनी कायमचा चिकटवला.

या माणसाचा वंश शोधू लागले की लोकप्रिय लेखक एका सुंदर स्त्रीपाशी थांबतात. मरेची पत्नी मार्गारेट फर्ग्युसन. सप्टेंबर १७४५ मध्ये एडिंबरोच्या चौकात जॅकोबाइट राजाच्या नावाची द्वाही फिरली, तेव्हा घोड्यावर बसून पांढरी फितीची फुले वाटणारी ती हीच. नटांच्या घराण्याला अशी आदिमाता लाभावी, हा मोह समजण्यासारखा आहे. परंतु नटांची शाखा तिच्यापासून निघालेली नाही. ती निघते मिस वेब या क्वेकर तरुणीपासून, जिच्याशी मरेचा संबंध पुढे इंग्लंडमध्ये जुळला. क्वेकर पंथाला नाटकाचे वावडे होते, हे लक्षात घेतले म्हणजे रक्तातून अभिनय उतरतो या समजुतीचे काय करायचे, असा प्रश्न पडतो. त्यांचा मुलगा चार्ल्स १७५४ मध्ये चेशंट येथे जन्मला आणि १७७३ मध्ये टेट विल्किन्सनच्या यॉर्क येथील मंडळीत प्रथम रंगभूमीवर आला. जाहिरातीत त्याचे नाव छापले गेले ‘रेमर’.

‘मर-रे’ या दोन अक्षरसमूहांची नुसती उलटापालट. वंशशोधकाच्या दृष्टीने हा दुवा निसटण्याची जागा, आणि समीक्षकाच्या दृष्टीने वाचण्याची. गद्दार बापाचे नाव मुलाने लपविले, असा अर्थ चटकन सुचतो. मला तो फार सोयीचा वाटतो. सभ्य घरातले तरुण पहिल्या प्रवेशाला टोपणनाव घेत, ही त्या काळची सर्रास रीत होती. शिवाय १७७३ मध्ये बाप हयात होता. तीनच वर्षांपूर्वी त्याच्याकडे सरदारकीचा ‘सर’ हा वंशपरंपरागत किताब आला होता. तेव्हा मुलाने बापाच्या साक्षीची लाज झाकली, की मुलाच्या धंद्याची लाज बापाला लागू नये म्हणून नाव फिरवले? नाव एकच, लज्जा दोन, आणि त्या परस्परविरुद्ध दिशांनी वाहणाऱ्या. नाटकाची जाहिरात यांपैकी एकीलाही पुरावा देत नाही. ‘रेमर’ या शब्दात आपण जे वाचतो ते आपल्याला बशीची गोष्ट आधीच ठाऊक असते म्हणून वाचतो.

आपल्याकडील वंशावळी बहुधा वतनाच्या तंट्यांतून जन्मल्या. हक्क सांगायचा म्हणून पूर्वज सांगायचे. नटाला वतन नसते, म्हणून त्याची वंशावळ कुणी लिहून ठेवीत नाही. एडिंबरोत मात्र नाट्यप्रयोगांचा राजदत्त परवाना ही वतनासारखीच चीज होती. चार्ल्सची मुलगी हॅरिएट हिने १८०२ मध्ये हेन्री सिडन्सशी विवाह केला. हेन्री हा विख्यात नटी सेरा सिडन्स हिचा मुलगा. म्हणजे मरे घराणे या विवाहाने केंबल-सिडन्स घराण्याला जोडले गेले. ‘घराणे’ हा आपला शब्द येथे इंग्रजीपेक्षा अधिक नेमका आहे, कारण रक्ताचे नाते आणि तालमीचे नाते ही दोन्ही त्यात मावतात. १८०९ मध्ये हेन्रीला २१ वर्षांचा परवाना मिळाला, आणि त्याच्या पाठीशी उभा राहणाऱ्यांत वॉल्टर स्कॉट होता. १८१५ मध्ये हेन्री वारला. परवाना विधवा हॅरिएटकडे आला आणि कारभार तिचा भाऊ विल्यम हेन्री मरे पाहू लागला.

कप फेकणाऱ्याचा मुलगा आणि कपातून चहा पिणाऱ्याचा नातू यांचे हे साहचर्य उभयतांना लाभदायक ठरले. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी विल्यमने स्कॉटच्या ‘रॉब रॉय’चे नाट्यरूप रंगभूमीवर आणले. चार्ल्स मॅकेचा बेली निकोल जार्व्ही एवढा गाजला की डबघाईला आलेले थिएटर रॉयल सावरले. २७ ऑगस्ट १८२२ रोजी याच नाटकाला हॅनोव्हर घराण्याचा राजा चौथा जॉर्ज उपस्थित होता. त्या राजभेटीचा सारा सोहळा स्कॉटने रचला होता आणि त्याच्या मांडणीत विल्यमचे नाट्यकसब उपयोगी पडले होते. आजोबांनी ज्या राजवंशाविरुद्ध कारस्थान रचले आणि नंतर ज्याच्याकडून प्राणदान घेतले, त्याच वंशाच्या राजापुढे नातू १७१५ च्या जॅकोबाइट उठावाची कथा करमणूक म्हणून सादर करीत होता. सत्याहत्तर वर्षांपूर्वी याच शहरात मार्गारेटने ती फुले वाटली होती.

येथे माझी अडचण सुरू होते. कलाकृती स्वायत्त असते, तिच्याबाहेरची चरित्रसामग्री समीक्षेत पुरावा म्हणून आणू नये, या शिस्तीत आमची पिढी वाढली. त्या शिस्तीने विल्यमचे आजोबा ‘रॉब रॉय’च्या संहितेबाहेर राहतात, आणि संहितेपुरते ते योग्यही आहे, ती आयझॅक पोकॉकची होती, लंडनमध्ये आधीच होऊन गेली होती. पण प्रयोग ही गोष्ट कुणाच्या तरी हातून, एका ठिकाणी, एका प्रेक्षकासमोर घडते. त्या रात्रीच्या प्रयोगाचा अर्थ मांडताना व्यवस्थापकाचे आडनाव वगळायचे असेल, तर राजाचे आडनावही वगळावे लागेल, आणि मग उरते फक्त छापील नाटक. मिशेल फूकोने नीत्शेवरील १९७१ च्या निबंधात वंशशोध आणि मूळशोध यांत भेद केला. वंशशोधात शुद्ध उगम सापडत नाही, सापडतात अपघात, फाटे आणि तडजोडी. मरे घराण्याच्या बाबतीत मला हे पटते, मात्र एक पुस्ती जोडून : हे फाटे जोडणारा वाचक स्वतःही निःपक्ष नसतो. विश्वासघाताचे प्रायश्चित्त नातवाने कलेतून घेतले, ही कथा मला हवीहवीशी वाटते, म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवायला मी कचरतो. विल्यम थिएटर चालवीत होता. कर्ज होते, पगार द्यायचे होते आणि स्कॉटच्या कादंबऱ्यांवर तिकिटे खपत होती.

स्कॉटच्या मनातले कोडे मला अधिक खोल वाटते. २३ फेब्रुवारी १८२७ रोजी नटांच्या साहाय्यनिधीच्या भोजनसमारंभात त्याने ‘वेव्हर्ली’ कादंबऱ्यांचे कर्तृत्व प्रथमच जाहीरपणे मान्य केले आणि पाठोपाठ बेली जार्व्ही साकारणाऱ्या मॅकेच्या नावे पेला उंचावला. तेरा वर्षे निनावी राहिलेल्या लेखकाला आपले नाव उच्चारायला नटांचीच सभा सापडावी, याचे मला नवल वाटत नाही. नाव घेणे आणि नाव उतरवणे हा त्यांचा रोजचा व्यवहार.

पुढची पिढी पांगली. चार्ल्सच्या दुसऱ्या एका मुलीचा मुलगा सॅम कॉवेल अमेरिकेत वाढला, मग मामाच्या थिएटरात काम करू लागला आणि पुढे लंडनच्या गाणाऱ्या विनोदी नटांत अग्रणी ठरला. विल्यम १८५१ मध्ये निवृत्त झाला, १८५२ मध्ये वारला; थिएटर रॉयल १८५९ मध्ये बंद पडले आणि त्या जागी टपाल कचेरी उभी राहिली. हॅरिएटची नात सेरा सिडन्स मेअर हिने १८६५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, एडिंबरोत स्त्रियांचे एक चर्चामंडळ स्थापन केले आणि सुमारे सत्तर वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले. स्त्रियांच्या विद्यापीठीय शिक्षणाच्या चळवळीत ती अग्रभागी होती. ती रंगभूमीवर गेली नाही. पणजीचे संपूर्ण नाव तिने अखेरपर्यंत मिरवले. मरे हे नाव त्यात नव्हते.