सही करण्याआधी

मुदखेडची मुलं नांदेडला रेल्वेने जाऊन-येऊन शिकू शकतात. आमच्या लेकीला मात्र ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला राहायचं होतं, म्हणून आम्ही दोघं खोली बघायला गेलो. दोन ठिकाणी नाव ऐकताच ‘आत्ताच दिली’ असं उत्तर मिळालं. तिसऱ्या घरमालकांनी होकार दिला, तेव्हा लगेच सही करावीशी वाटली. पण अशाच वेळी विचारायचे प्रश्न राहून जातात.

आम्ही आधी नळ सोडून पाहिला. 2016 साली याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणून उन्हाळ्यात टँकर लागला तर पैसे कोण देणार, हे विचारलं. दाराची कडी, खिडकीचे गज, विजेचं मीटर, क्लासहून रात्री परतायचा रस्ता, सगळं पाहिलं. आधीपासून राहणाऱ्या मुलींशी लेक एकटीच बोलली.

मग करार. अकरा महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. डिपॉझिट किती, परत कधी, मध्येच खोली सोडली तर काय, हे लिहून घेतलं. मालकांनाही त्यात गैर वाटलं नाही. मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवा, हे सूरह बकराच्या 282व्या आयतीत सांगितलेलंच आहे.

खोली मिळणं हा उपकार नाही, व्यवहार आहे. भाडं वेळेवर देणं आपलं काम, पावती मागणं आपला हक्क. मुलांनीही हे आत्ताच शिकलेलं बरं.